अंबरनाथचा शिलालेख आणि कडुकवठाचे तेल
डॉ. भाऊ दाजी लाड यांचे स्मरण

कुळगाव-बदलापूरच्या वैद्यमंडळींना अंबरनाथचे शिवालय काही नवे नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेत लहानपणी हरवलेले किमान दोघे तरी आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत आहेत. तरीही श्रावणातल्या एका आडवारी, गर्दी नसताना, आम्ही सात-आठ व्यवसायबंधू मुद्दाम तेथे गेलो तेव्हा मंदिर जणू प्रथमच पाहिले. वालधुनीच्या काठचा तो काळाकभिन्न पाषाण, शिखर अर्धे राहिलेले, गाभारा पायऱ्या उतरून खाली, आणि आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला लागणारा तो क्षण. उत्तरेकडील दाराच्या तुळईवर एक लेख आहे. तो आता वाचता येण्याजोगा राहिलेला नाही. आमच्याबरोबर आलेल्या एका औषधी दुकानदार मित्राने सहज विचारले, "हे पहिल्यांदा वाचले कोणी?"

वाचले एका डॉक्टरने. आणि तेही अशा डॉक्टरने, की ज्याने दिवसा मुंबईत रोगी पाहिले, गरिबांना फुकट औषध दिले, रात्री सुश्रुत उघडला आणि कुष्ठरोग्यांच्या अंगावर कोकणातल्या एका रानफळाचे तेल चालते का, याची वर्षानुवर्षे परीक्षा केली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या निधनाला २०२४ मध्ये १५० वर्षे पूर्ण झाली. सभा झाल्या असतील, लेख आले असतील. परंतु आयुर्वेदाच्या व्यासपीठावरून त्यांचे स्मरण व्हावे तसे झाले नाही, असे आम्हांस वाटते. ते काम या अंकात यथाशक्ति करीत आहोत.

भाऊ हे त्यांचे घरचे नाव, दाजी हे वडिलांचे. जन्म १८२२ चा, गोव्यातील पेडणे महालात मांद्रे येथे. घरची स्थिती बेताची. मुलगा बुद्धिबळात मोठमोठ्यांना हरवतो हे पाहून एका इंग्रज गृहस्थाने "याला इंग्रजी शिकवा" असे वडिलांना सांगितले आणि कुटुंब मुंबईस आले, अशी हकीगत त्यांच्या चरित्रांतून येते. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण, तेथेच काही काळ अध्यापन. कच्छ-काठेवाडातील कन्याहत्येच्या चालीवर लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले. विशीतल्या तरुणाने निबंधासाठी हा विषय घ्यावा, यातच पुढचा माणूस दिसतो. पुढे १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले तेव्हा शिक्षकाची नोकरी सोडून भाऊ पुन्हा विद्यार्थी झाले, आणि तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीत त्यांचे नाव आहे. प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्याच तुकडीतले.

१८५१ मध्ये त्यांनी मुंबईत वैद्यकव्यवसाय आरंभिला. हात गुणाचा होता, नाव झाले, पैसाही आला. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकलचेच. दोघा भावांनी मिळून धर्मार्थ दवाखाना चालविला. मोठ्या घरच्या रोग्यांकडून आलेली फी आणि धर्मार्थ दवाखान्यात खर्च होणारे औषध यांचा हिशोब एकाच घरात बसत असे, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्यापैकी ज्यांनी दवाखान्याबाहेर आठवड्यातून एक दिवस मोफत तपासणीची पाटी लावून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की फी न घेणे सोपे असते. औषध फुकट देणे महाग पडते.

त्यांच्या लोककार्याची यादी करू लागलो तर अंक पुरणार नाही, म्हणून भराभर सांगतो. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक प्रमुख कार्यकर्ते. सरकारी शिक्षण मंडळाचे सभासद. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झाले तेव्हा पहिल्या फेलोंपैकी एक. विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्रविषयक सभेचे पहिले हिंदी अध्यक्ष; या सभेने मुलींच्या शाळा चालविल्या आणि त्यांतील एका शाळेला पुढे भाऊंचे नाव मिळाले, तिच्यासाठी मित्रांनी व चाहत्यांनी निधी उभा केला. विष्णुदास भावे नाटकमंडळी घेऊन मुंबईस आले तेव्हा त्यांना ज्यांनी हात दिला त्यांत नाना शंकरशेट यांच्या जोडीने भाऊही होते. १८६९ व १८७१ असे दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १८६२ मध्ये झाली. पुढे १८६५ ची शेअरबाजारातील पडझड मुंबईवर कोसळली, वर्गणीचे पैसे आटले, तरी इमारत पुरी होऊन १८७२ मध्ये संग्रहालय लोकांना खुले झाले. व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट यांच्या नावाचे ते संग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखले जाते. माटुंग्याचा भाऊ दाजी मार्ग तर आपल्यातील कित्येकांच्या रोजच्या वाटेवरचा. बसच्या पाटीवर नाव वाचणारे लाखो. ते वैद्यकातले होते हे किती जणांना ठाऊक असेल, हा प्रश्न आहे.

एका प्रसंगाशी मात्र थांबले पाहिजे, कारण तो आपल्या व्यवसायाच्या वर्मावर बोट ठेवतो. १८६० मध्ये 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात करसनदास मुळजी यांनी वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या वर्तनावर कठोर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १८६२ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात तो खटला गाजला आणि भाऊ दाजी करसनदासांच्या बाजूने साक्षीस उभे राहिले. त्यांनी साक्ष दिली ती वैद्य म्हणून, महाराजांच्या व्याधींविषयी. ज्यांच्या पायांवर अर्धी व्यापारी मुंबई डोके ठेवीत होती, त्यांच्याविरुद्ध साक्ष देणे म्हणजे व्यवसायावर पाणी सोडण्याची तयारी ठेवणेच होते.

सुधारकांच्या इतिहासात हा प्रसंग निर्भयतेचा नमुना म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण वैद्य म्हणून वाचताना आमचे मन थोडे अडखळते. रोग्याने विश्वासाने दाखविलेली व्याधी न्यायालयात उघडी करावी का? न्यायालयाने विचारल्यास सत्य सांगणे हा धर्म, आणि रोग्याचे गुह्य राखणे हाही धर्मच. आमच्या मंडळाच्या बैठकीत यावर अर्धा तास वाद झाला आणि एकमत झाले नाही. भाऊंचे मन त्या वेळी काय म्हणत होते हे कळावयास मार्ग नाही. एवढे मात्र खरे, की ज्याने एका रोग्याचे गुपित शपथेवर सांगितले त्यानेच पुढे एक औषधाचे गुपित शेवटपर्यंत सांगितले नाही.

आता मुख्य विषयाकडे येतो.

भाऊंचे वैद्यकशिक्षण सर्वस्वी पाश्चात्त्य. पण संस्कृताचा व्यासंग दांडगा, आणि प्राचीन ग्रंथांत ज्या द्रव्यांची थोरवी गायिली आहे ती खरोखर काम करतात का, हे रोग्याच्या खाटेजवळ पाहण्याची त्यांना हौस होती. त्यांना 'आपले' म्हणावे की नाही, असा प्रश्न काही जुन्या मंडळींनी आम्हांस केला. आम्ही त्यांना आपले म्हणतो. ग्रंथात लिहिले म्हणून मानणारे आपल्यात पुष्कळ, आणि ग्रंथात लिहिले म्हणूनच नाकारणारे पलीकडे पुष्कळ. ग्रंथात लिहिले आहे, तर करून पाहू, असे म्हणणारे तेव्हाही थोडे होते.

कुष्ठाकडे ते वळले तेव्हा त्या रोगावर कोणापाशीच काही नव्हते. कुष्ठाचा जंतू नॉर्वेतील हॅन्सेन यांना दिसला तो १८७३ मध्ये, भाऊंच्या मृत्यूच्या अवघे एक वर्ष आधी. रोग पूर्वकर्मामुळे होतो, रक्तात वाहत येतो, मासे खाल्ल्याने होतो, असे तर्क सुशिक्षितांतही चालत. मुंबईच्या रस्त्यांवर कुष्ठरोगी भीक मागत पडलेले असत. वडाळ्याचे अॅकवर्थ यांच्या नावाचे रुग्णालय निघाले ते १८९० मध्ये. (मराठी पोवाडे जमवून छापणारे अॅकवर्थ ते हेच. एकोणिसाव्या शतकातील माणसे एकाच आयुष्यात किती घरे फिरत!) अशा काळात भाऊंनी कुष्ठरोगी तपासायला घेतले आणि ते एक तेल पोटात व वरून देऊ लागले. अनेकांना गुण येतो अशी वार्ता पसरली. दूरदूरचे रोगी येऊ लागले. परंतु औषध कोणते, हे भाऊ सांगत नसत.

ते होते कडुकवठाचे तेल. वनस्पतिशास्त्रात हिडनोकार्पस वायटियाना, जुन्या ग्रंथांतून हिडनोकार्पस इनेब्रियन्स. आपल्या संहितेतील तुवरक तो हाच, असे बहुसंख्य विद्वान मानतात. सुश्रुताच्या चिकित्सास्थानातील तेरावा अध्याय आपण शिकताना शिलाजतूपाशी थांबतो आणि परीक्षेपुरते तुवरकाकडे पाहतो. तो पुन्हा उघडून वाचावा. पश्चिम समुद्राच्या काठच्या भूमीत, लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने हलणारी ही झाडे असे वर्णन तेथे आहे. काशीकडच्या आचार्यांच्या ग्रंथात कोकण किनारा असा अचानक डोकावतो, याचे आम्हांस नेहमी अप्रूप वाटते. फळे पावसाळ्यात घ्यावीत, मज्जा काढून वाळवून कुटून तेल काढावे, पाण्याचा अंश आटवावा, पंधरा दिवस गोवऱ्यांच्या राशीत ठेवावे. मग रोग्याचे स्नेहन-स्वेदन-शोधन करून, बल पाहून, मात्रेने पाजावे. दोष वर आणि खाली दोन्ही मार्गांनी जातील. पाच दिवस हा विधी आणि पंधरा दिवस मुगाचे यूष व भात. कुष्ठासाठी हेच तेल खदिराच्या काढ्यात सिद्ध करण्यासही सांगितले आहे. अध्यायाचे नाव मधुमेहचिकित्सित असले तरी कुष्ठी आणि मधुमेही दोघेही त्यात आहेत.

ज्यांनी हे तेल हाताळले आहे त्यांना सुश्रुताचा 'बल पाहून' हा इशारा कळतो. चव तिखट-कडू, वास उग्र. थंडीत ते तुपासारखे थिजते. पोटात दिले की मळमळ आणि वांत्या ठरलेल्या. फळाचा चुरा पाण्यात टाकून मासे गुंगवण्याची रीत रानातल्या लोकांत होती. जुन्या वनस्पतिनामातील 'इनेब्रियन्स' म्हणजे गुंगी आणणारे, ते यामुळेच. ही मात्रा रोग्याला महिनोन्महिने सोसवणे हे औषध शोधण्याइतकेच अवघड काम असले पाहिजे, आणि त्याचे श्रेय भाऊंच्या रोग्यांनाही दिले पाहिजे. त्यांची नावे कोठेच नाहीत.

याच सुमारास बंगालमध्ये चालमोगरा गाजत होता. डॉ. मौआट यांनी १८५४ मध्ये त्याची माहिती इंग्रजी वैद्यकास करून दिली. पुढची अर्धी शतकभर गंमत अशी झाली, की कलकत्त्याच्या बाजारात येणारे बी ज्या झाडाचे म्हणून ग्रंथांत नोंदले होते ते झाड, म्हणजे जायनोकार्डिया ओडोराटा, निराळेच होते. खरे बी ब्रह्मदेश-आसामकडील दुसऱ्या वृक्षाचे, हे विसाव्या शतकाच्या तोंडावर सर डेव्हिड प्रेन यांनी दाखविले. मग १९०४ च्या सुमारास फ्रेडरिक पॉवर यांनी या तेलांतील चालमोगरिक आणि हिडनोकार्पिक ही आम्ले वेगळी केली. १९१५-१६ मध्ये हवाई बेटांवर अॅलिस बॉल या तरुण रसायनतज्ज्ञ स्त्रीने तेल टोचता येईल असे एस्टर तयार केले. ती चोविसाव्या वर्षी वारली आणि काही काळ तिचे काम दुसऱ्याच्या नावावर खपले. सल्फोन औषधे येईपर्यंत, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत, कुष्ठावर जगभर जे काही होते ते याच कुळातील तेल होते. जुन्या कुष्ठधामांतून कडुकवठाच्या तेलाची इंजेक्शने दिली जात ती आठवणारी माणसे अगदी अलीकडेपर्यंत आपल्यात होती.

बी ओळखण्याची ही गोष्ट औषधी दुकानदार मित्रांना आम्ही मुद्दाम सांगत आहोत. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या द्रव्यपरिचय वर्गासाठी आम्ही तुवरक बीज तीन ठिकाणांहून मागविले. तीन पुड्या आल्या. त्यांतील दोहोंचे बी एकमेकांशी जुळत होते. तिसरीतले सरळसरळ वेगळे होते, आणि चिठ्ठीवर नाव मात्र तेच. दुकानदाराने लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. त्याला वरून जे आले ते त्याने दिले. कडुकवठाचे फळ गोल, कठीण कवचाचे, वरून मखमली तपकिरी. आत पांढऱ्या गरात पंधरा-वीस बिया, एकमेकींवर दाबल्या गेल्याने कोनदार झालेल्या. कवठाच्या नावाने कोणी फसू नये. खाण्याच्या कवठाशी याचे नाते फळाच्या गोलाईपुरतेच. सह्याद्रीच्या ओढ्यांकाठी, दमट सावलीत हा सदाहरित वृक्ष येतो. केरळात त्यास मरोट्टी म्हणतात आणि त्याच्या कवचात तेल घालून दिवे लावतात.

भाऊंनी औषध का लपविले? त्यांच्या काळी सहव्यावसायिकांनी त्यावरून त्यांच्यावर टीका केली, आणि पाश्चात्त्य वैद्यकाच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाने असे करावे हे त्यांना विशेष खटकले. आमच्या तर्काने कारण लोभाचे नसावे. धर्मार्थ दवाखाना चालविणाऱ्याला औषधाचा मक्ता करून काय मिळवायचे होते? अर्धवट प्रयोग बाहेर पडला तर सोम्यागोम्या तेल काढील, भलत्या मात्रेत देईल, रोगी वांत्यांनी बेजार होईल आणि द्रव्यच बदनाम होईल, ही धास्ती असावी. पुरेसे रोगी पाहून, मग एकदम सर्व मांडू, असे मनात असावे. आपण सर्वांनी ही कारणे स्वतःला कधी ना कधी दिलेली आहेत, म्हणून ती आम्हांस ओळखीची वाटतात.

तो दिवस आला नाही. ३१ मे १८७४ रोजी भाऊ गेले. वय बावन्नाच्या आत. द्रव्याचे नाव त्यांच्या पश्चात सर्वश्रुत झाले. पण नाव म्हणजे चिकित्सा नव्हे. कोणत्या रोग्यास, कोणत्या अवस्थेत, किती मात्रेने, किती दिवस, कोणत्या पथ्यासह दिले. कोणास गुण आला, कोणास आला नाही, आणि आलेला गुण किती वर्षे टिकला. हे सारे, ज्याच्या जोरावर पुढच्या वैद्याने एक पाऊल पुढे टाकावे, ते त्यांनी स्वतः जगापुढे मांडले नाही. पुढे दुसऱ्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून शोधले, आणि जगाच्या वैद्यकेतिहासात चालमोगऱ्याच्या प्रकरणात कलकत्ता, लंडन, होनोलुलू ही नावे ठळक आली. मुंबईचे आले ते ओझरते.

आता अंबरनाथच्या तुळईकडे परत येऊ. १८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची मंडळी सरकारी आज्ञेने या मंदिराची चित्रे आणि साचे घेण्यास आली होती. रेल्वेचा फाटा कल्याणहून आपल्या बाजूने १८५६ मध्येच निघाला होता. त्याच सुमारास भाऊंनी येथील लेखाचे वाचन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे ठेवले आणि ते त्या संस्थेच्या नियतकालिकात छापून आले. शिलाहार राजा माम्वाणि याचे नाव त्यांनी लोकांपुढे आणले. वर्ष वाचले ते शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६०.

ते चुकले होते. अक्षर झिजलेले, पहिला आकडा दगा देणारा. भाऊंच्या हाताखाली पंडित भगवानलाल इंद्रजी हे जुनागडचे तरुण काम करीत. लेखांचे ठसे घेण्यासाठी भाऊंनी त्यांना स्वतःच्या खर्चाने देशभर, पार नेपाळपर्यंत धाडले होते. भगवानलाल पुढे जगन्मान्य पुरातत्त्वज्ञ झाले ते या तालमीतून. भाऊंच्या निधनानंतर याच शिष्याने त्याच नियतकालिकात अंबरनाथचा लेख पुन्हा वाचला आणि वर्ष शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० आहे, असे दाखविले. आज मंदिराच्या वयाबद्दल जे सर्वत्र सांगितले जाते ते हे वर्ष. दोनशे वर्षांची चूक सात-आठ वर्षांत दुरुस्त झाली, आणि तीत गुरूचा कोणास कमीपणा वाटला नाही, कारण गुरूचे वाचन छापील स्वरूपात सर्वांपुढे होते. ज्याला शंका येईल त्याने ठसा घ्यावा आणि ताडून पाहावे.

एकाच माणसाने शिलालेखाच्या बाबतीत एक वाट धरली आणि औषधाच्या बाबतीत दुसरी. त्याच्या चुकलेल्या लेखनातून विद्या पुढे गेली. बरोबर असलेल्या औषधातून, निदान त्याच्या हातून, गेली नाही. तुळईसमोर उभे राहून आम्ही हे आपसांत बोललो, तेव्हा आमच्यातील एक ज्येष्ठ वैद्य बराच वेळ गप्प राहिले. त्यांचे कारण आम्हांस ठाऊक होते.

आमच्या तालुक्यात एक वयोवृद्ध वैद्य होते. नाव देत नाही. दुष्टव्रणावर त्यांचे एक मलम होते. मधुमेही रोग्यांच्या पायाच्या जखमा, ज्या मोठ्या रुग्णालयांनी पाय कापण्याच्या गोष्टीपर्यंत नेल्या होत्या, अशांपैकी काही त्यांच्याकडे भरलेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. विचारले की हसत, "सांगेन, घाई काय आहे?" मुलगा बँकेत, सून शिक्षिका; दोघांनाही वैद्यकीत रस नव्हता. ते गेल्यावर घरच्यांनी आम्हांस बोलावले आणि कपाट दाखविले. बाटल्यांवर फक्त आकडे. एक, दोन, तीन, अकरा. वही सापडली, तीत द्रव्यांच्या जागी खुणा. आम्ही चौघे वैद्य त्या मलमाच्या डबीला नाक लावून बसलो. करंज आहे, राळ आहे, निंब असावा. आणखी एक आहे, तो ओळखता येईना. प्रयोगशाळेचा खर्च विचारला, तो झेपणारा नव्हता. त्यांचे रोगी वर्ष-दीड वर्ष आमच्या दारी येत राहिले. आम्ही त्यांना काय देत होतो ते आम्हांस ठाऊक आहे, आणि ते मलम नव्हते हेही ठाऊक आहे.

कायद्याने आज विक्रीच्या आयुर्वेदीय औषधावर सर्व घटकद्रव्ये छापावी लागतात. नियम १६१ दुकानदार मित्रांस पाठ आहे. उत्पादनासाठी २००० मध्ये परिशिष्ट टी आले. परंतु वैद्य स्वतःच्या रोग्याला स्वतः करून देतो ते औषध या चौकटीबाहेर राहते, आणि आपल्या व्यवसायातील उत्तमातले उत्तम पुष्कळदा तेथेच असते. घराण्याचा पाठ जपण्यात काही गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. पोटाचा प्रश्न आहे, मोठे उत्पादक एखादा पाठ उचलून नेतात आणि ज्याचा होता त्यास विचारीतही नाहीत, हेही घडलेले आहे. म्हणून मंडळाने या वर्षी एवढेच ठरविले आहे, की ज्या सभासदांची इच्छा असेल त्यांनी आपला पाठ, मात्रा, पथ्य आणि किमान दहा रोग्यांची नोंद, नाव वगळून, बंद लिफाफ्यात कार्यालयात ठेवावी. लिफाफा त्यांच्या हयातीत त्यांच्या परवानगीवाचून उघडला जाणार नाही. पश्चात काय करावे हेही त्यांनीच वर लिहावे. गुण न आलेल्या रोग्यांची नोंदही हवी, यावर सभेत थोडी कुरकुर झाली. अट कायम राहिली.

जाता जाता एक गोष्ट, जिच्याविषयी संदिग्धता राहू नये. भाऊंचे औषध थोर होते ते त्यांच्या काळी. १९८० च्या दशकापासून कुष्ठावर बहुविध औषधोपचार उपलब्ध आहे. तो शासकीय आरोग्यकेंद्रात विनामूल्य मिळतो आणि सहा महिने वा वर्षभरात रोग निखालस बरा होतो. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा, त्यावर संवेदना कमी, नस जाड लागते, असा रोगी आपल्या दवाखान्यात आला तर त्यास तुवरक तेलावर ठेवून वेळ दवडू नये. त्याच दिवशी केंद्राची चिठ्ठी द्यावी. एकदा गेलेली नस औषधाने परत येत नाही. २००५ अखेर राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नसल्याचे जाहीर झाले. तेव्हापासून रोगी आपल्याकडे त्वचारोग समजून येण्याचे प्रमाण वाढले आहे, असा आमच्यातील अनेकांचा अनुभव आहे. करून पाहणाऱ्या भाऊंनी आज हेच केले असते, याविषयी आम्हांस शंका नाही.

भाऊंनी आयुष्यभर जमविलेली हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत त्यांच्या नावाने जतन केलेली आहेत. मंडळाची पुढची सहल तिकडे काढण्याचा विचार आहे. इच्छुकांनी कार्यालयात नाव द्यावे.

पहिला लिफाफा मागच्या महिन्यात आला. तुळईसमोर गप्प राहिलेल्या त्या ज्येष्ठ वैद्यांचाच तो आहे. मलमाची ती डबीही त्यांनी सोबत आणून ठेवली. तिच्यावर अकरा हा आकडा आहे, आणि कपाटाचे दार उघडले की न ओळखलेल्या त्या चौथ्या द्रव्याचा वास अजून येतो.